वाफशाचा आकडा

12 एप्रिल 2016. मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ रेल्वे 5 लाख लिटर पाणी घेऊन पहाटे दुष्काळग्रस्त लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा 60 लाख लिटर हा अंदाज तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. जलदूतच्या बारा फेऱ्या! मुंबईच्या रेसकोर्सवरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी मैदानांना वापरू, असंही न्यायालयात सांगून झालं. तरी अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला गेलाच.

पाणी कुठलं, यावर तेव्हा भरपूर वाद झाला. हिरवळीला मुळात लागतं किती, हा प्रश्न मागे पडला. 70 मीटर त्रिज्येचं मैदान म्हणजे सुमारे 15,000 चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी दिलं की 15,000 लिटर गेले, दहा हजारी टँकर दीड वेळा रिकामा झाला. ‘आज ऊन फार आहे’ म्हणून पाच मिलिमीटर जास्त सोडलं, तर 75,000 लिटर अंदाजावारी खर्च होतात आणि त्यातलं बरंचसं मुळांच्या हाती न लागता खाली उतरतं.

शेतकरी हा अंदाज मुठीने घेतो. मातीचा गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला, म्हणजे वाफसा आहे. मैदान सांभाळणारा माणूस हिरवळीत चाकू खुपसून तेच बघतो. या मुठीला आकडा देण्याची खटपट मात्र जुनी आहे. 1940 मध्ये मिशिगनमध्ये बौयुकोस आणि मिक यांनी आत तारा बसवलेला जिप्समचा ठोकळा जमिनीत पुरला. माती ओली असेल तर वीज सहज वाहते, सुकली की अडते, एवढंच त्याचं तत्त्व. 1980 मध्ये टॉप, डेव्हिस आणि ॲनन या कॅनडातल्या संशोधकांनी वेगळी वाट दाखवली. पाण्याचा परावैद्युतांक (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो, त्याचं माप) सुमारे 80, कोरड्या मातीचा जेमतेम 3 ते 5. म्हणून माती जितकी ओली, तितका विद्युत स्पंद तिच्यातून हळू जातो. तो वेळ मोजला की ओलावा कळतो. आज हिरवळीखाली पुरलेले बरेचसे सेन्सर पाण्याच्या याच गुणावर चालतात.

पाणी खरोखर किती वाचतं, हे फ्लोरिडा विद्यापीठाने हरळीवर तपासलं. हो, आपलीच हरळी. शेतात नकोशी, गणपतीला दूर्वा म्हणून हवीशी आणि क्रिकेटच्या मैदानावर ‘बर्म्युडा’ या नावाने मिरवणारी. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, घड्याळ लावून दिलेल्या पाण्याच्या तुलनेत, चारपैकी तीन प्रकारच्या सेन्सरांनी 69 ते 92 टक्के पाणी वाचवलं. पण ते दिवस पावसाचे होते. गवत कमी पाण्यावर जगवण्याची जादू यंत्राने केली नव्हती. जमीन ओली असताना त्याने नळ उघडू दिला नाही, इतकंच. आणि चौथ्या प्रकाराला ते तितकंसं जमलं नाही, हेही विसरू नये.

शिवाय आकडा मातीप्रमाणे बदलतो. वाळूच्या थरावर वाढवलेल्या मैदानात 20 टक्के ओलावा म्हणजे चंगळ. भारी काळ्या मातीत तेवढ्यावर गवत माना टाकतं. सेन्सर किती खोल पुरायचा, तो सावलीत आहे की उन्हात आणि कोणत्या आकड्याला पाणी सोडायचं, हे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं. चाकू खुपसून बघणारा हात म्हणूनच निवृत्त झालेला नाही.

ज्या बंगळुरूला तो अंतिम सामना गेला, तिथल्या मैदानाखाली 2017 च्या सुरुवातीला नवी यंत्रणा बसली. कशासाठी? पावसाचं पाणी झटपट शोषून घेण्यासाठी. रद्द झालेला सामना ताबडतोब खिशाला लागतो. जास्त सोडलेलं पाणी कुणाच्याच हिशेबात दिसत नाही. सेन्सरचं मोल इथे आहे. तो हे पाणी हिशेबात आणतो.

पुन्हा तसा उन्हाळा आला, तर टँकरची संख्या सांगण्याऐवजी रोजच्या ओलाव्याची नोंदवही पुढे ठेवता येईल. ती चोख असूनही सामने हलवावे लागतील, असं वर्ष येऊ शकतं. लातूरला तेव्हा प्यायलाच पाणी नव्हतं.