अंश मोठा, छेद बेपत्ता

कर्करोगावर आपल्याकडे जे बोललं आणि छापलं जातं त्यात अंश भरपूर असतो, छेद क्वचित. अमुक रुग्णालयात वर्षभरात इतके हजार नवे रुग्ण आले, त्यात तोंडाच्या कर्करोगाचे इतके, चाळिशीच्या आतले इतके. आकडे खरेच असतात. पण रुग्णालयाच्या दारात कोण पोचलं यावरून गावात कोणाला काय होतंय हे कळत नाही. तिथवर पोचायला एसटीचं भाडं लागतं, मजुरी बुडवावी लागते, सोबत कोणीतरी यावं लागतं, आणि त्याआधी घरातल्या कोणाला तरी ‘हे एकदा दाखवून ये’ म्हणायचं सुचावं लागतं. ज्याच्या वाट्याला यातलं काही नाही, तो मोजणीतून गळतो. म्हणून ठरावीक लोकवस्तीतला प्रत्येक रुग्ण टिपणारी नोंदणी आणि ठरावीक माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवणारा कोहॉर्ट अभ्यास, या दोन गोष्टींना मी कर्करोग संशोधनाचा पाया मानत आलो आहे. आपल्याकडे हा पाया घातला गेला तो घरोघर फिरणाऱ्या माणसांच्या पायांवर. ते फिरणं आता जुनाट समजलं जातं, आणि माझ्या मते आजच्या संशोधनातलं सर्वांत मोठं नुकसान तिथेच होत आहे.

परदेशातला इतिहास थोडक्यात पुरे. हॅम्बुर्गमध्ये 1926 साली नोंदणी सुरू झाली, डेन्मार्कने 1942 पासून अख्ख्या देशाची नोंद ठेवली. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 साली ब्रिटिश डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाविषयी पत्रं पाठवून सुरू केलेल्या अभ्यासाचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे डॉ. दाराब जस्सावाला यांनी इंडियन कॅन्सर सोसायटीतर्फे 1963 साली मुंबईत कर्करोग नोंदणी उभारली. तोवर भारतात लोकसंख्येवर आधारलेली अशी नोंदणी कुठेही नव्हती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू व्हायला 1981 चा डिसेंबर उजाडावा लागला. पुढची केंद्रवाढ आणि समित्यांचा तपशील सरकारी अहवालांत आहे, त्यात इथे वेळ दवडत नाही.

ही नोंदणी करतात कशी, हे मात्र जवळून पाहायला हवं. समजा, परांडा तालुक्यातल्या एका बाईच्या स्तनात गाठ आली. सोलापूरच्या पॅथॉलॉजी लॅबच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव माहेरच्या आडनावानं लागलं. बार्शीच्या केसपेपरवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव आलं, वय पाच वर्षांनी वाढलं. पुढे ती परळला टाटा रुग्णालयात गेली, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली आणि पत्ता म्हणून लालबागच्या भाच्याचा पत्ता दिला. शेवटी गावी परत येऊन घरीच वारली. ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदीत कारण लिहिलं गेलं ‘हृदयक्रिया बंद’. कागदावर या चार बाया आहेत, आणि त्यांतली एक मुंबईकर आहे. नोंदणी कर्मचाऱ्याचं काम हे की, या चारही नोंदी एका जिवंत होऊन गेलेल्या बाईच्या आहेत हे ओळखायचं, ती वर्षभराहून जास्त काळ परांड्याचीच रहिवासी होती याची खात्री करायची आणि तिला परांड्याच्या खात्यात एकदाच मांडायचं. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं असतं. अशा देशात नावांची ही जुळवाजुळव कोणतीही यंत्रणा आपोआप करत नाही. गावात जाऊन पुतण्याला, शेजारणीला, आशाताईला विचारावं लागतं. आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती नेहमी उलटी वाचली जाते. नोंदणीतल्या जवळजवळ सगळ्या रुग्णांचं निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्कं झालेलं असेल, तर लोक त्या नोंदणीला शाबासकी देतात. मला तिथे शंका येते. तुकडा तपासायला न गेलेली, निदानाआधीच गेलेली माणसं प्रत्येक तालुक्यात असतात; ती यादीत दिसत नसतील तर नोंदणी लॅबच्या उंबऱ्यापाशीच थांबलेली असते.

मुंबईच्या नोंदणीनं दिलेल्या बहुतेक गोष्टी आता पाठ्यपुस्तकांत गेल्या आहेत. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण शहरातल्या इतर समाजांपेक्षा जास्त आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं कमी, हे तिनंच दाखवलं. शहरात गर्भाशयमुखाचा कर्करोग दशकांमागून दशकं उतरत गेला आणि स्तनाचा चढत जाऊन त्याच्या पुढे गेला, हेही तिच्यामुळेच कळलं. ही उतरण कोणत्याही संघटित तपासणी मोहिमेविना झाली. लग्नाचं वय, बाळंतपणांची संख्या, पाणी, न्हाणीघर, शिक्षण यांतला बदल रोगाच्या आकड्यात उमटतो, याचा यापेक्षा सबळ पुरावा आपल्याकडे नाही. तो मिळाला कारण एकच मोजमाप एकाच शहरात न थांबता चालू राहिलं.

पण मुंबई म्हणजे महाराष्ट्र नव्हे, आणि माझा जीव बार्शीत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी, नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात, 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. बी. एम. नेने यांचं रुग्णालय, टाटा स्मारक केंद्राचा आधार आणि डॉ. कस्तुरी जयंत यांची साथरोगशास्त्राची शिस्त, या तिन्हींतून ती उभी राहिली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली 346 गावं तिच्या कक्षेत होती. शहरातली नोंदणी रुग्णालयं आणि लॅब पालथ्या घालून भागते; इथे पालथं घालावं असं फारसं काही नव्हतंच. म्हणून पद्धतच बदलली. कर्मचारी गावात जायचे, लोकांना एकत्र बसवून लक्षणं समजावून सांगायचे, पांढरं अंगावरून जाणं, पाळी गेल्यावरचा रक्तस्राव, न भरणारी तोंडातली जखम याबद्दल विचारायचे आणि संशय आलेल्या माणसाला तपासणीसाठी बार्शीला आणायचे. जे सोलापूर, पुणे, मुंबई गाठत त्यांचा माग त्या त्या रुग्णालयांत काढला जाई.

यावर तेव्हाही आक्षेप होता आणि आजही ऐकू येतो: मोजणाऱ्यानं मोजायच्या वस्तूला हात लावू नये, लक्षणं समजावत फिरलात तर नोंदणी राहिली कुठे, ती मोहीम झाली. आक्षेप तर्काला धरून आहे, पण तो सोयीच्या जागी उभा राहून घेतला जातो. जिथे निदानच होत नाही तिथे हात न लावता मोजणं म्हणजे शून्य मोजणं. शिवाय ‘हात लावल्याचा’ परिणाम काय झाला, हेही त्याच नोंदणीनं मोजलं. गावोगावच्या बोलण्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांत लवकरच्या टप्प्यात आलेल्या बायांचा वाटा वाढला, हे 1995 साली छापून आलं. त्यामागे ना यंत्र होतं ना औषध. फक्त माहिती देणारा माणूस दारात आला होता. कर्करोग नियंत्रणाच्या भारतीय वाङ्मयात याहून स्वस्त आणि याहून दुर्लक्षित निष्कर्ष मला माहीत नाही.

दुसरा वाद अधिक खोल आहे. राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाच्या 2020 च्या अहवालात वयानुरूप समायोजित दर पाहिले तर दर लाख पुरुषांमागे ऐझॉलला 269.4 आणि उस्मानाबाद-बीडला 39.5. स्त्रियांतही सर्वांत कमी दर उस्मानाबाद-बीडचाच, 49.4. शहरी तज्ज्ञांची प्रतिक्रिया ठरलेली: मराठवाड्यात रोग कमी नाही, नोंद कमी आहे. त्यांच्या हाती एक भक्कम पुरावाही आहे. मृत्यूंच्या कारणांचा घरोघर जाऊन, नातलगांना विचारून केलेला देशव्यापी अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यात 30 ते 69 या वयोगटात कर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण गावात आणि शहरात जवळजवळ सारखं निघालं: ग्रामीण पुरुषांत लाखामागे 95.6, शहरी पुरुषांत 102.4, स्त्रियांत तर गावाचा आकडा किंचित वरच होता. मग गावात रोग कमी कसा? हा प्रश्न टाळता येत नाही, पण त्याचं उत्तर ‘नोंद चुकली’ इतकं सरळही नाही. एक तर हे दोन आकडे एकमेकांतून वजा करता येत नाहीत. एक सर्व वयांचा नव्या रुग्णांचा दर आहे, दुसरा मध्यमवयीनांच्या मृत्यूंचा. दुसरं म्हणजे ग्रामीण भारत एकसंध नाही आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यावरून अख्ख्या खेड्यापाड्यांचा निवाडा होत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत कडू. जिथे रुग्ण उशिरा येतो आणि उपचार अर्धवट सुटतो तिथे कमी रोगातूनही जास्त मरण निपजतं. त्याच अभ्यासात निरक्षर पुरुषांतला मृत्यूदर सर्वाधिक शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक होता. काही नोंदी निसटल्या असणार, हे मीही मानतो. पण लवकरच्या मातृत्वामुळे आणि जास्त बाळंतपणांमुळे स्तनाचा कर्करोग कमी असणं अपेक्षितच आहे, आणि शेजारच्या बार्शीत नोंदणीच्या माणसांनी जितकं खणलं तितकं खणूनही दर शहराच्या जवळ गेला नाही. कमी दर हा मुख्यतः खरा आहे, असं माझं मत आहे. ते खोडायचं असेल तर त्या गावांत पुन्हा फिरावं लागेल. पुण्या-मुंबईच्या परिषदेत बसून ते खोडता येणार नाही.

नोंदणी काय पेलू शकते हे उस्मानाबाद जिल्ह्यात दिसलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कोणती तपासणी जीव वाचवते, हे ठरवण्यासाठी तिथे 1999 च्या अखेरीस 52 ग्रामसमूहांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांना गटांत विभागून तुलनात्मक चाचणी सुरू झाली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं 34 मृत्यू झाले, नेहमीच्या सेवेवर सोडलेल्या गटात 64. निकाल 2009 साली आला आणि जगभरच्या धोरणांत गेला. त्यावर नैतिक आक्षेप घेतला गेला की, तपासणीविना ठेवलेल्या गटातल्या बायांना डावललं गेलं. हा आक्षेप हलका नाही. अशा गटाला उपलब्ध ज्ञान कळवणं हे संशोधकाचं कर्तव्यच आहे. पण आपल्या मांडणीसाठी लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, तो 64 चा आकडा कळला म्हणून आक्षेप तरी घेता आला. आसपासच्या ज्या जिल्ह्यांत नोंदणी नव्हती, तिथेही तपासणी नव्हतीच आणि तिथल्या मृत्यूंची गणतीही नाही.

कोहॉर्टच्या बाबतीत डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या तंबाखूविषयीच्या मुंबईतल्या अभ्यासाइतकं चोख काम आपल्याकडे थोडं झालं आहे. त्यामागे परंपरा होती: पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 खेडुतांच्या तोंडांची तपासणी 1972 सालीच छापून आली होती. नव्वदच्या दशकात त्यांनी मुंबईच्या मतदारयाद्याच चौकट म्हणून घेतल्या आणि पस्तिशीपुढच्या जवळजवळ दीड लाख लोकांना गाठलं. चाळीत, झोपडपट्टीत फिरणाऱ्या मुलाखतकारांच्या हाती तेव्हा छोटे संगणक होते. काही वर्षांनी पुन्हा त्याच दारांवर जाऊन कोण आहे, कोण गाव सोडून गेलं, कोण वारलं याचा हिशेब लावला. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूची जोखीम न ओढणाऱ्यांच्या 1.37 पट निघाली, बिडी ओढणाऱ्यांत 1.64 पट. बिडी पानाची, म्हणून सौम्य, हा समज त्या आकड्यानं निकालात काढला. पहारेकरी असलेल्या मोठ्या इमारतींत प्रवेश मिळत नसल्यानं तो वर्ग अभ्यासाबाहेर राहिला. त्यावरून ‘हे मुंबईचं प्रातिनिधिक चित्र नव्हे’ असं म्हणणारे आहेत. नसेल, पण ब्रिटिश डॉक्टर तरी ब्रिटनचं प्रातिनिधिक चित्र कुठे होते? किती टक्के लोक बिडी ओढतात हे सांगायला प्रतिनिधी लागतात. बिडी ओढणारा आणि न ओढणारा यांच्या आयुष्यातला फरक सांगायला, एकाच चाळीत राहणारे दोघे आणि त्यांचा न सुटणारा माग पुरतो.

आता नव्या पिढीचा युक्तिवाद. रुग्णालयांचे लाखो डिजिटल केसपेपर एकत्र आणा, त्यावर कृत्रिम बुद्धिमत्ता चालवा, घरोघर फिरण्याचे दिवस गेले, असं अधिकारानं सांगितलं जातं. उपचारांची तुलना करायला हा साठा उपयोगी आहे, हे निःसंशय. पण रुग्णालयात न आलेली बाई लाखाच्या साठ्यात नसते, तशी कोटीच्या साठ्यातही नसते. साठा वाढला की चूक तेवढी जास्त आत्मविश्वासानं मांडली जाते. स्वीडनचा दाखला दिला जातो. तिथे सुमारे 16.7 लाख मुली-स्त्रियांच्या नोंदी जोडून, सतराव्या वर्षाआधी एचपीव्हीची लस घेतलेल्यांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग 88 टक्क्यांनी कमी असल्याचं 2020 साली दाखवलं गेलं. काम अप्रतिम आहे. मात्र ते जुळलं कारण तिथे प्रत्येक जन्म, प्रत्येक लस, प्रत्येक कर्करोग आणि प्रत्येक मृत्यू एका व्यक्तीक्रमांकाखाली आधीच नोंदलेला होता. ती आधीची नोंद नसणं हाच तर आपल्याकडचा खड्डा आहे.

लोकसंख्येवर आधारलेल्या नोंदण्यांखाली 2020 च्या अहवालाच्या वेळी देशाच्या दहा टक्क्यांच्या आसपास लोक येत होते, आणि त्यात खेडी फारच थोडी. 2012 ते 2016 चे आकडे 2020 मध्ये हाती आले. इतक्या उशिरानं आलेला आकडा जिल्हा परिषदेच्या कोणत्या अंदाजपत्रकाला उपयोगी पडणार? नोंदणी कर्मचाऱ्याची नेमणूक बहुधा कंत्राटी, त्यामुळे गावं आणि आडनावं तोंडपाठ होईतो तो दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं 2022 साली कर्करोग अधिसूचित, म्हणजे प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक असलेला, रोग करावा अशी शिफारस केली. साथीच्या रोगांसाठीची तरतूद न पसरणाऱ्या रोगाला कशाला, हा त्यावरचा जुना प्रतिवाद. खासगी लॅब रजिस्टर दाखवायला नकार देतात तेव्हा त्या प्रतिवादाची किंमत कळते. अलीकडे गोपनीयतेचं कारणही पुढे केलं जातं. वास्तविक 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीच्या कामाला ठरावीक मानकांच्या अटीवर सूट आहे, आणि नावं कुलपात ठेवून आकडे बाहेर देण्याची शिस्त मुंबईच्या नोंदणीनं तो कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून पाळली आहे. राज्यानं करायचं ते मोजकं आहे: लॅबनं रजिस्टर दाखवणं बंधनकारक करावं, मृत्यूनोंदीचा दाखला नोंदणी केंद्राला महिन्याच्या महिन्याला मिळावा, प्रत्येक महसुली विभागात किमान एक ग्रामीण नोंदणी असावी आणि तिथल्या फिरत्या कर्मचाऱ्याला कायम पद द्यावं. यांतलं शेवटचं सर्वांत आधी करावं, कारण उरलेल्या तिन्ही गोष्टी वसूल करायला तोच दारोदार जाणार आहे.