हाडाच्या ऑपरेशननंतरचं दुखणं : गोळीच्या जोडीला काय करावं?



माझ्या खुब्यात रॉड बसवून बरेच महिने झाले. इथे अमेरिकेत बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी उभं करतात. दुखतं म्हणून पडून राहिलं तर छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. म्हणजे चालता येईल इतपत तरी दुखणं कमी व्हायलाच हवं. तीव्र गोळ्यांनी गुंगी येते, पोट साफ होत नाही, तोल जातो, सवयही लागू शकते. म्हणून गोळीच्या जोडीला हे उपाय करावेत.

बर्फ : फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवावा. थेट कातडीवर नको, प्लास्टर भिजू देऊ नये.

श्वास : नाकाने सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथे जुनाट दुखण्याच्या रुग्णांना असंच श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं. आपल्याला शेमा पाठ आहेच. एकेका शब्दाला एकेक श्वास घेतला की अंग सैल पडतं. व्यायामाच्या आधी मी हेच करते.

खिडकी : रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमधल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली, असं त्यांनी १९८४ मध्ये मांडलं. तेव्हा खाट खिडकीशी घ्या. मराठी कीर्तनं लावा.

माणसं : आजाऱ्याची विचारपूस ही आपल्याकडे मिट्झवा आहे. एकट्याला रात्री दुखणं जास्त जाणवतं, म्हणून संध्याकाळी फोन करा. सिनेगॉगमध्ये नाव देऊन मि शेबेराख म्हणवून घ्या. हॉस्पिटलात चॅपलेन असतो. नर्सला सांगितलं तर रब्बीही बोलावतात.

भाषा : ठणका, कळ, चमक, जळजळ यांतला फरक इंग्रजीत सांगता येत नसेल, तर दुभाषा मागा. त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत.

प्रार्थनेने हाड लवकर जुळतं असं मी म्हणणार नाही. भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की दुखणंही सोसवतं. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. दुखणं अचानक वाढलं, ताप आला, पोटरी सुजली, बोटं बधिर झाली तर लगेच डॉक्टरांना फोन करा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ ९११ लावा.

सर्वांना रेफुआ शेलेमा.