पदार्थ नेमका कुठून वितळायला लागतो? सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं उत्तर

फ्रीजमधून काढलेल्या बर्फाचं काही मिनिटांत पाणी होतं. पण एखादा घन पदार्थ वितळतो, तेव्हा आत नेमकी सुरुवात कुठून होते? हे थेट बघणं फार अवघड आहे. अणू आणि रेणू इतके लहान आणि चपळ असतात की त्यांची एकेकाची हालचाल टिपता येत नाही.

यावर शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. अणूंच्या जागी मोठे कण घ्यायचे.

कोलॉइड म्हणजे काय?

द्रवात अतिसूक्ष्म कण तरंगत असतील, तर ते कोलॉइड. दूध, शाई, भिंतीचा रंग ही रोजची उदाहरणं. प्रयोगशाळेत त्यासाठी एकसारखे गोल कण बनवतात. त्यांचा आकार असतो साधारण १ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. द्रवाचे रेणू सतत धडकत असल्याने हे कण थरथरत राहतात. अणूंसारखेच, पण साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतील इतके मोठे आणि संथ.

थंडीशिवाय गोठतात कसे?

इथे गोठणं ठरतं ते गर्दीवर. १९८६ मध्ये प्युसी आणि व्हॅन मेगन यांनी हे प्रयोगातून दाखवलं. कणांनी सुमारे ४९.४ टक्के जागा व्यापली की काही कण शिस्तीत रांगा लावू लागतात आणि स्फटिक तयार होतात. ५४.५ टक्क्यांच्या पुढे सगळंच स्फटिक होतं आणि ओपल रत्नासारखे रंग चमकतात. गर्दी सुमारे ५८ टक्क्यांच्या वर गेली, तर मात्र कण रांगा लावण्याआधीच अडकतात आणि काचेसारखी अवस्था येते.

पण कण रांगेत का येतात? कारण गर्दीत अस्ताव्यस्त राहिलं तर ते एकमेकांत अडकतात. रांगेत प्रत्येकाला हलायला थोडी जास्त मोकळीक मिळते.

आणि वितळणं?

२००५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी जेलचे असे कण वापरले, जे तापवल्यावर आकसतात. कण आकसले की गर्दी कमी होते आणि स्फटिक सैल पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की सगळा स्फटिक एकदम वितळत नाही. दोन स्फटिकांच्या रांगा जिथे जुळत नाहीत, त्या सीमांवर आणि रांगांमधल्या दोषांपाशी कण आधी सुटे होतात. आतला व्यवस्थित भाग तेव्हाही घनच असतो.

याचा उपयोग काय?

बहुतेक धातूही अशाच लहान लहान स्फटिकांचे बनलेले असतात आणि त्यांची मजबुती या सीमांवरही अवलंबून असते. कोलॉइड म्हणजे धातू नव्हे, त्यामुळे प्रत्येक निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. पण जे अणूंमध्ये बघता येत नाही, ते इथे डोळ्यांसमोर घडतं. आणि त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: वितळण्याची सुरुवात होते ती जिथे रचना आधीच कच्ची असते तिथून.