पहिल्या चांदणीचे सार

संकष्टीला आपण चंद्रोदयाची वाट पाहतो, तशी पोलंडमधील माणसे २४ डिसेंबरला पहिल्या चांदणीची वाट पाहतात. ती दिसली की नाताळच्या पूर्वसंध्येचे बिनमांसाचे जेवण सुरू होते. पुष्कळ घरी पहिला मान असतो 'बार्श्च' या बिटाच्या साराचा.

तयारी मात्र आठवडाभर आधी! किलोभर बिटाच्या चकत्या, चार-पाच लसूणपाकळ्या, तमालपत्र व मिरे बरणीत घालावे. लिटरला मोठा चमचाभर मीठ या प्रमाणात कोमट पाणी बीट पूर्ण बुडेल इतके ओतावे. पाच-सात दिवसांत ते आंबते. बुरशी धरल्यास सगळे टाकून द्यावे. आंबलेले पाणी गाळून सुक्या अळंब्यांच्या व भाज्यांच्या कढणात मिसळावे आणि नुसते गरम करावे. उकळी फुटली की माणकासारखा रंग विटून तपकिरी होतो! वाढताना त्यात 'उश्का', म्हणजे 'इवले कान', सोडतात. या अळंबीचे सारण भरलेल्या, उकडलेल्या चिमुकल्या करंज्याच.

त्या रात्री अनाहूत पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचे मांडतात. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे हजारो पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला होता. त्या रिकाम्या ताटाचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको.