पवनाकाठचा धोंडी आणि श्रेष्ठ कादंबऱ्यांचा वाद

मराठी कादंबरीच्या इतिहासात १९५५ हे वर्ष मला फार विलक्षण वाटतं. त्या एका वर्षात व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आली, गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ आली आणि दांडेकरांचीच ‘पवनाकाठचा धोंडी’ही आली. पहिलीत माणदेशातली धनगरांची वाडी आहे, दुसरीत कोकणातलं ओस पडत चाललेलं गाव, तिसरीत पवन मावळ. त्याआधीच्या दोन-तीन दशकांत फडके-खांडेकरांच्या कादंबऱ्यांतून वाचकांना भेटत होती ती बहुतेक शिकलेली, पांढरपेशी माणसं. आणि एकाच वर्षात तीन वेगळ्या मुलखांची तीन वेगळी बोलणी पुस्तकांच्या दुकानात येऊन बसली.

आज कुणाही वाचत्या माणसाला आधुनिक मराठीतल्या दहा श्रेष्ठ कादंबऱ्या विचारा. ‘कोसला’ येईल, ‘रणांगण’ येईल, ‘बनगरवाडी’ जवळजवळ नक्की येईल. ‘पवनाकाठचा धोंडी’ क्वचितच येईल. खुद्द मावळात, तुंग-तिकोन्याच्या पायथ्याला सुट्टी घालवून परतणाऱ्यांतही ही कादंबरी वाचलेले थोडेच भेटतात. एकाच वर्षी जन्मलेल्या या भावंडांचं नशीब असं वेगळं का झालं, याचा शोध घ्यायला लागलं की श्रेष्ठता ठरते कशी, हेच उलगडायला लागतं.

आपल्याला वाटतं, ते पुरस्कारांनी ठरत असावं. साहित्य अकादमीच्या पुरस्कारांची यादी समोर ठेवून एकदा बघा. दांडेकरांना अकादमीचा पुरस्कार १९७६ मध्ये मिळाला, पण तो ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनाला. ‘रणांगण’ १९३९ची, तेव्हा अकादमीच नव्हती. तिचे लेखक विश्राम बेडेकर यांना पुरस्कार मिळाला १९८५ मध्ये, ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राला. माडगूळकरांना १९८३ मध्ये मिळाला तो ‘सत्तांतर’ला, ‘बनगरवाडी’ला नव्हे. चिं. त्र्यं. खानोलकरांना मरणोत्तर मिळाला, तोही कवितेला. भालचंद्र नेमाड्यांना मिळाला तो समीक्षेच्या पुस्तकाला, ‘टीकास्वयंवर’ला; ‘कोसला’ला नाही. म्हणजे ज्या कादंबऱ्यांवर आपण आज रात्र-रात्र भांडतो, त्यांतल्या कितीतरींच्या वाट्याला तो मान आलाच नाही.

यात कुणाचं कारस्थान शोधायचं कारण नाही. अकादमीचा पुरस्कार ठरावीक वर्षांच्या आत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाला मिळतो, आणि एका लेखकाला एकदाच. ‘काजळमाया’ नेमकी कधी प्रसिद्ध झाली यावरून वाद उठला तेव्हा जी. ए. कुलकर्णींनी मिळालेला पुरस्कार परत केला, इतकं त्या वर्षांच्या चौकटीला महत्त्व. पण कादंबरी वाचकाच्या मनात रुजायला चार-पाच वर्षं पुरतातच असं नाही. अमेरिकेत हर्मन मेल्विलची ‘मोबी डिक’ १८५१ मध्ये आली, आणि तो १८९१ मध्ये वारला तेव्हा लोक तिला विसरले होते. तिचा खरा उदय १९२०च्या दशकात झाला. सत्तर वर्षांनी! परीक्षकांच्या कुठल्या समितीनं इतकं थांबावं?

मग समीक्षक ठरवतात का? मराठीत या बाबतीत सर्वांत ठाम मांडणी नेमाड्यांची. त्यांनी मराठी कादंबरीच्या मुळाशी तीन पुस्तकं पाहिली. १८५७ची बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८६१ची लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आणि १८७१ची रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’. पहिलीतून समाजातल्या खऱ्या दुःखाकडे बघणारी वाट निघाली, दुसरीतून मन रिझवणारी, तिसरीतून इतिहासात रमणारी. नेमाड्यांचा कौल उघडच पहिल्या वाटेला. ही मांडणी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या कपाटातली पुस्तकं आपोआप तीन रांगांत उभी राहिली. इतक्या साध्या खुणांनी सव्वाशे वर्षांचं लेखन असं लख्ख दिसावं, ही मोठ्या समीक्षकाचीच करामत.

पण मावळात राहणाऱ्या वाचकाला इथे एक अडचण येते. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची, ज्या बाजूला मान वळवावी तिकडे गड. इथल्या माणसाला गड म्हणजे फक्त गेलेला इतिहास नव्हे. त्याच्या अंगाखांद्यावर आज गुरं चरतात, पायथ्याला भात लावला जातो, माचीवर घरं आहेत. दांडेकरांचा धोंडी हा गडाच्या हवालदारकीचा मान अंगावर वागवणारा मावळी. राज्यं गेली, तोफा गंजल्या, आणि मान मात्र घरात राहिला. त्या मानाचं करायचं काय, हा त्याचा प्रश्न. ही ‘मोचनगड’ची वाट म्हणायची की ‘यमुनापर्यटन’ची? गड आहे म्हणून ती इतिहासात रमणारी ठरत नाही, आणि कोरडं वास्तव म्हणावं तर दांडेकरांच्या शब्दांतली माया आड येते. मला वाटतं, ही कादंबरी यादीबाहेर राहिली त्याचं एक कारण हेच असावं. तयार खणांपैकी कुठल्याच खणात ती नीट बसत नाही.

आणि हे लिहिणारा माणूस मावळातला नव्हता. गोनीदा जन्मले १९१६ मध्ये, परतवाड्याला, थेट वऱ्हाडात. पोरवयात स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीनं घर सोडलं. पुढे गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली, आणि अखेर तळेगाव दाभाड्याला स्थिरावले. तिथून गडांवर इतक्या वेळा गेले की सह्याद्रीचं हे अंग त्यांना तळहातासारखं पाठ झालं. ‘पडघवली’त ते कोकणातल्या अंबावहिनींच्या तोंडून बोलतात, ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांचा मुलूख उभा करतात, ‘पवनाकाठचा धोंडी’त मावळी बोलतात. एका माणसाच्या कानात इतक्या बोली एकमेकींत न मिसळता राहाव्यात, याचं आश्चर्य माझ्या मनातून कधीच ओसरलेलं नाही.

त्यांच्या मावळातल्या कादंबऱ्यांपैकी मला स्वतःला सर्वांत वरची वाटते ती ‘माचीवरला बुधा’, १९५८ची. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या अंगानं राजमाचीची वाट जाते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मध्ये माची, माचीवर उधेवाडी. मुंबईत आयुष्य काढलेला बुधा म्हातारपणी या माचीवर परततो आणि झाडं, पाखरं, जनावरं यांच्या सोबतीनं राहतो. कथानक म्हणाल तर एवढंच. खलनायक नाही, वळणं नाहीत. एका माणसाची आणि एका जागेची ओळख हळूहळू वाढत जाते, आणि पानं उलटत जावीत तसा बुधा आणि माची यांतला फरक पुसट होत जातो. पुढे २०१७ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. आपण आज पर्यावरणाच्या साहित्याबद्दल परिसंवाद भरवतो. तो शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधी हे पुस्तक लिहून झालं होतं.

दांडेकरांविरुद्धची बाजूही खरी आहे, आणि ती भक्कम आहे. त्यांची माणसं फार चांगली असतात. निसर्ग फार उदार असतो. जातीची उतरंड, भूक, सावकारी यांची धार त्यांच्या पानांवर बोथट होते. माडगूळकरांची वाडी दुष्काळात उठते तेव्हा लेखक हुंदका देत नाही, नुसतं सांगतो. त्या सांगण्यानं वाचक आतून हलतो. दांडेकरांना तसं गप्प राहता येत नाही, त्यांचा जीव मध्ये येतो. ‘बनगरवाडी’ वरचढ ठरली ती या संयमामुळे, आणि तो न्याय मला मान्य आहे. पण वरचढ ठरणं वेगळं आणि दुसरीनं यादीतून जाणं वेगळं.

आता या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत चकित करणारी गोष्ट सांगतो.

‘पवनाकाठचा धोंडी’ लिहिली गेली तेव्हा पवनेवर धरण नव्हतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते उभं राहिलं, आणि तुंग-तिकोन्याच्या मधली खोलगट जमीन पाण्याखाली गेली. शेतं गेली, घरं गेली, पायवाटा गेल्या. आज पिंपरी-चिंचवडच्या लाखो घरांत सकाळी नळ सुटतो तो त्या पाण्याचा. तुंगाच्या माथ्यावरून तीन बाजूंना जलाशय पसरलेला दिसतो, आणि आपण म्हणतो, काय सुंदर आहे!

मग १९९१ मध्ये विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आली. धरणग्रस्तांची कादंबरी. मोजणी, नोटिसा, मोबदला, कचेऱ्यांचे खेटे, उठवलेल्या गावाची फरफट. पुढच्याच वर्षी तिला अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘झाडाझडती’ वाचून झाल्यावर ‘पवनाकाठचा धोंडी’ पुन्हा हातात घ्या. पुस्तकातला एकही शब्द बदललेला नसतो, पण पुस्तक बदललेलं असतं. नदीकाठचं साधं वर्णन, पावसात भरलेली खाचरं, गडाकडे जाणारी वाट, सगळं आता पाण्याखालून वर बघतं. १९५५च्या लेखकाला जे ठाऊक नव्हतं ते आपल्याला ठाऊक आहे, आणि त्या ठाऊक असण्याचं ओझं प्रत्येक ओळीवर येतं. याच दांडेकरांनी भाक्रा-नांगल धरणावर ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही कादंबरी मोठ्या अभिमानानं लिहिली होती, हे आठवलं की गुंता आणखी वाढतो. एकाच लेखकाच्या हातात धरणाचं स्वप्नही होतं आणि धरण ज्या प्रकारचं खोरं गिळतं ते खोरंही होतं.

टी. एस. एलियटनं १९१९ मध्ये एका निबंधात हे म्हणून ठेवलंय. नवी कलाकृती येते तेव्हा आधीच्या सगळ्या कलाकृतींचं आपापसांतलं नातं थोडं सरकतं. वर्तमान भूतकाळाला बदलतो. महाविद्यालयात वाचताना हे मला नुसतं चमकदार विधान वाटलं होतं. पवनेच्या जलाशयाशेजारी उभं राहून दोन कादंबऱ्या आठवल्या की ते डोळ्यांसमोर घडताना दिसतं. छत्तीस वर्षांनंतर आलेल्या पुस्तकानं आधीच्या पुस्तकाला नवा अर्थ दिला, आणि आधीच्या पुस्तकानं नंतरच्याला एक चेहरा दिला: जे गेलं ते काय होतं, त्याचा.

म्हणूनच दहा श्रेष्ठ कादंबऱ्यांची यादी एकदा करून कपाटात ठेवता येत नाही. अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ पाहा. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली ही १९५९ची कादंबरी वाचकांनी पहिल्यापासून उचलून धरली, पण अभिजनांच्या गप्पांत तिला बरोबरीचा पाट मिळायला फार वेळ गेला. दलित साहित्याचं पुढचं सगळं लेखन पाठीशी उभं राहिलं तेव्हा ‘फकिरा’ची उंची नीट दिसली. विभावरी शिरूरकरांची १९५०ची ‘बळी’ अजून तशा मापाची वाट बघते आहे. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणातलं जगणं मराठीत इतक्या आधी, इतक्या जवळून एका बाईनं लिहिलं, आणि तरी यादी करताना बहुतेकांना विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आठवते. त्यांच्या पत्नीची ‘बळी’ आठवत नाही. मी ‘रणांगण’ची थोरवी कमी करत नाही. युरोपातून निघालेल्या एका बोटीवर, महायुद्धाच्या तोंडावर, मराठी माणूस आणि निर्वासित ज्यू मुलगी यांना समोरासमोर आणणारी ही छोटी कादंबरी कुठल्याही भाषेत मानानं उभी राहील. पण दोन्ही एकाच घरातली पुस्तकं आहेत, हे विसरू नये.

तर माझा आग्रह असा. ‘बनगरवाडी’ आणि ‘कोसला’ यांच्या जागेला धक्का लावू नका. त्यांच्या पंगतीत ‘माचीवरला बुधा’ बसवा, आणि ‘पवनाकाठचा धोंडी’ एकटी न वाचता ‘झाडाझडती’बरोबर जोडीनं वाचा. त्यांच्यामागोमाग विस्थापितांचीच गोष्ट सांगणारी कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ वाचा. या तिन्ही एका बैठकीच्या चर्चेत घ्या आणि मग भांडा. तळेगावात, वडगावात, लोणावळ्यात वाचणारी माणसं आहेत. हे भांडण पुण्या-मुंबईच्या व्यासपीठांवर सोडून द्यायचं कारण नाही.

दरम्यान मावळ थांबलेलं नाही. द्रुतगती महामार्ग त्याच्या मधून गेलाय, तळेगावच्या माळावर कारखाने उभे राहिलेत, भाताच्या खाचरांवर बंगल्यांच्या वसाहती आल्यात, आणि बुधा ज्या मुंबईतून पळून आला ती मुंबई दर शनिवारी त्याच्या मागोमाग घाट चढते. हे सगळं आतून पाहिलेलं कुणीतरी, कामशेतच्या किंवा आंदर मावळातल्या एखाद्या घरातली मुलगी कदाचित, त्यावर कादंबरी लिहील. ती आली की बुधाची जागा पुन्हा नव्यानं ठरवावी लागेल.