मजुरी घेऊन खेळणारे



खेळ हा करमणुकीचा विषय आहे; त्याबद्दल पैसा घेणे म्हणजे खेळ विकणेच होय, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही आढळते. उलटपक्षी, नामांकित खेळाडूंस मिळणाऱ्या प्रचंड रकमांचे आकडे ऐकून कित्येक मुलांस असे वाटते की, चेंडू बरा मारता आला म्हणजे पुस्तकाशी फारसे कर्तव्य उरले नाही. या दोन्ही समजुती एकाच अज्ञानातून निघाल्या आहेत. खेळावर पोट भरणाऱ्या सामान्य खेळाडूचे आयुष्य कसे असते, हे आपणास ठाऊक नसते. शिखरावर बसलेले दहा-वीस लोक तेवढे आपल्या दृष्टीस पडतात. खालच्या पायऱ्यांवर लहान गावात, बेताच्या पगारावर, पावसाचिखलात खेळणारे शेकडो दिसत नाहीत. अशा खेळाडूंची थोडी माहिती देण्याचा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आपणास इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात जावे लागेल. परंतु तेथे एक मराठी गृहस्थही आपणास भेटणार आहेत.

लँकेशायर हा कापसाच्या गिरण्यांचा मुलूख. आपल्या बीड जिल्ह्याच्या काळ्या रानात जे पीक डोलते, त्याच्याशी या परगण्याचे जुने नाते आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा हिंदुस्थानातील कापसाच्या गाठी मुंबई बंदरातून मोठ्या प्रमाणावर याच गिरण्यांकडे गेल्या. गिरणीतील काम फार कष्टाचे असे. 1850 च्या कायद्याने स्त्रिया व मुले यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबविण्याचे ठरले, आणि पुढे शनिवारची दुपार साऱ्याच कामकऱ्यांस मोकळी मिळू लागली. त्या मोकळ्या दुपारीच तेथील फुटबॉल वाढला.

आता अडचण अशी की, बाहेरगावी सामन्यास जावयाचे तर कामकऱ्याची मजुरी बुडे. श्रीमंतांच्या शाळांतून शिकलेल्या हौशी खेळाडूंस हा प्रश्न कधी पडला नव्हता. म्हणून पैसे घेऊन खेळणे त्यांस कमीपणाचे वाटे. क्लब मात्र चांगल्या खेळाडूंस गुपचूप पैसे देत. 1884 साली प्रेस्टन येथील क्लबाने ही गोष्ट उघड कबूल केली, मोठा वाद माजला, आणि 1885 च्या जुलै महिन्यात फुटबॉलच्या मध्यवर्ती संस्थेने पगारी खेळाडूंस मान्यता दिली. 1888 साली बारा क्लबांची 'लीग' स्थापन झाली. त्या बारांपैकी सहा एकट्या लँकेशायरचे होते.

पुढे लीगचे विभाग पडत गेले. आज इंग्लंडात चार विभाग मिळून 92 क्लब आहेत. वरच्या विभागात 20, आणि उरलेले 72 खालच्या तीन विभागांत. शेवटी येणाऱ्यांनी खाली उतरावे व पहिल्या येणाऱ्यांनी वर चढावे, असा नियम आहे. दूरदेशी पडद्यावर दिसतात ते बहुधा वरचे वीस. खालच्या विभागातील खेळाडूचा करार एक-दोन वर्षांचा असतो. पाय मोडला किंवा वय तिशीपार गेले की दुसरे काम शोधावे लागते. पूर्वीची स्थिती तर याहून बिकट होती. 1901 पासून आठवड्यास चार पौंडांहून अधिक पगार कोणासही देता येत नसे. ही मर्यादा वेळोवेळी वाढत गेली, तरी ती साफ उठली 1961 साली. शिवाय करार संपला तरी क्लबाच्या परवानगीवाचून खेळाडूस दुसरीकडे जाता येत नसे. त्याला पगार न देताही क्लब त्याला अडवून ठेवू शके. 1907 साली खेळाडूंनी मँचेस्टर येथे आपला संघ काढला. परंतु ही बेडी सैल होण्यास 1963 साली न्यायालयाचा निकाल यावा लागला.

या पहिल्या पिढीतील एक नाव आपल्यासारख्या शाळेत सांगण्याजोगे आहे. आर्थर व्हॉर्टन हा मेथडिस्ट मिशनऱ्याचा पुत्र. 1865 साली आफ्रिकेतील आक्रा येथे तो जन्मला, व मिशनकार्याचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडात आला. 1886 साली त्याने शंभर यार्डांची शर्यत दहा सेकंदांत जिंकली. पुढे फुटबॉलमध्ये गोलरक्षक होऊन त्याने रॉदरहॅम, स्टेलीब्रिज, अॅश्टन, स्टॉकपोर्ट अशा लहानमोठ्या गावांच्या क्लबांत पगारावर दिवस काढले. तो जगातील पहिला कृष्णवर्णीय धंदेवाईक फुटबॉलपटू समजला जातो. खेळ संपल्यावर तो कोळशाच्या खाणीवर मजूर झाला आणि 1930 साली गरिबीतच वारला. त्याच्या कबरेवर नावाचा दगड बसण्यास 1997 साल उजाडले. टाळ्या वाजविणारे लोक किती लवकर विसरतात, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण!

याच गिरणगावांनी हिवाळ्यात जसा फुटबॉल, तसे उन्हाळ्यात क्रिकेट जोपासले. 1892 साली तेथे 'लँकेशायर लीग' सुरू झाली. तिची त्या काळची रीत मोठी चमत्कारिक होती. प्रत्येक गावचा एक संघ. संघात दहा गडी गावचेच हौशी, म्हणजे कोणी विणकर, कोणी दुकानदार, कोणी कारकून. आणि अकरावा एकच धंदेवाईक, जो पगार देऊन बाहेरून आणावयाचा. सामना शनिवारी दुपारी सुरू व्हावा आणि त्याच संध्याकाळी संपावा. धंदेवाइकाने बहुतेक गोलंदाजीचा भार उचलावा, फलंदाजीतही मुख्य आधार व्हावे, आणि आठवड्याच्या संध्याकाळी गावच्या मुलांस व हौशी गड्यांस शिकवावे. कर्णधार मात्र हौशी असे. पगारी खेळाडू कितीही मोठा असला तरी त्याच्या आज्ञेत राही. खेळाडूच्या पन्नास धावा झाल्या की प्रेक्षकांतून पेटी फिरे व लोक आपल्या खिशातील नाणी तीत टाकीत. गावाने पदरमोड करून आणलेला माणूस तो. त्याच्या प्रत्येक खेळीचा हिशेब गिरणीत सोमवारी सकाळी होई.

अशा एका गावाने 1949 साली आपल्या सांगलीच्या विजय सॅम्युएल हजारे यांस धंदेवाईक खेळाडू म्हणून नेमले. त्या गावाचे नाव रॉटनस्टॉल. आयर्वेल नदीच्या खोऱ्यातले हे लहान गाव. गिरण्या आणि लोकरी सपाता बनविण्याचे कारखाने हा तेथला धंदा.

हजारे यांचा जन्म 11 मार्च 1915 रोजी सांगली येथे एका मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर, आणि घरात आठ मुले. तेव्हा संपत्तीच्या बळावर खेळण्याचा प्रश्नच नव्हता. ऑस्ट्रेलियाचा विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याचे मार्गदर्शन त्यांस तरुणपणी लाभले. 1939–40 च्या हंगामात त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या. पुढे ते बडोद्याकडूनच खेळू लागले.

त्या काळी मुंबईस धर्मवार संघांचे सामने होत. ख्रिस्ती, ज्यू इत्यादी लहान समाजांचा मिळून 'रेस्ट' नावाचा एक संघ असे. 1943 सालच्या अंतिम सामन्यात या संघाने दुसऱ्या डावात 387 धावा केल्या. त्यांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या होत्या! त्यांचे बंधू विवेक यांनी एक बाजू सांभाळून धरली. दोघांच्या भागीदारीत 300 धावा झाल्या, आणि तीत विवेकांच्या धावा अवघ्या 21. सामना गेला, पण दुसऱ्यास धावा करता याव्यात म्हणून उभे राहणाऱ्याचे मोल काय असते, हे त्या 21 धावांनी शिकविले. 1948 च्या जानेवारीत अॅडलेड येथील कसोटीत हजाऱ्यांनी 116 व 145 अशी दोन शतके केली. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय होत. त्याच दौऱ्यात प्रत्यक्ष ब्रॅडमनचा त्रिफळा त्यांनी दोनदा उडविला.

1949 च्या फेब्रुवारीत मुंबईस वेस्ट इंडीजविरुद्ध शेवटची कसोटी झाली. जिंकण्यास 361 धावा हव्या होत्या. हजाऱ्यांनी 122 केल्या, आणि वेळ संपली तेव्हा विजय अवघा सहा धावा दूर होता. त्या मालिकेत वेस्ट इंडीजचा एव्हर्टन वीक्स हा आपल्या गोलंदाजांस अगदी भारी पडला होता. मौज अशी की, त्याच वर्षी उन्हाळ्यात वीक्स हा बेकपचा धंदेवाईक झाला. आणि बेकप हे रॉटनस्टॉलचे शेजारचे गाव! ब्रेबॉर्न मैदानावर हजारो लोकांसमोर लढलेले हे दोघे वीर चार महिन्यांत एकाच खोऱ्यातील दोन गिरणगावांचे पगारी चाकर झाले होते. यात दोघांसही कमीपणा वाटला नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते. कबूल केलेले काम, ठरलेला पगार, आणि शनिवारी सगळ्या गावासमोर त्याची झडती. यात लाजिरवाणे ते काय?

तथापि इंग्लंडात ही लाज फार दिवस टिकून होती. तेथे हौशी खेळाडूस 'सभ्य गृहस्थ' म्हणत, आणि पगार घेणाऱ्यास नुसता 'खेळाडू'. कित्येक मैदानांवर दोघांची मैदानात उतरण्याची दारे वेगळी असत. गुणपत्रिकेवर नावे लिहिण्याची पद्धतही वेगळी असे. राष्ट्राच्या संघाचे नेतृत्व तर 'सभ्य गृहस्था'नेच करावयाचे. जातिभेद केवळ आपल्याच देशात आहेत असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. हा भेद अखेर 1962 च्या नोव्हेंबरात ठराव होऊन नाहीसा झाला.

परंतु त्या भिंतीस मोठे खिंडार पडले ते 1952 च्या जूनमध्ये, लीड्स येथे. त्या कसोटीत इंग्लंडने लेन हटन यास कर्णधार नेमले. विसाव्या शतकात इंग्लंडचा रीतसर नेमलेला हा पहिला धंदेवाईक कर्णधार. आणि नाणेफेकीस त्याच्यासमोर भारताचा कर्णधार म्हणून कोण उभा होता? तीन वर्षांपूर्वीचा रॉटनस्टॉलचा पगारी खेळाडू, सांगलीच्या मास्तरांचा मुलगा! त्या सामन्यात पहिल्या डावात हजाऱ्यांनी 89 धावा केल्या आणि तरुण विजय मांजरेकरांबरोबर 222 धावांची भागीदारी रचली. दुसऱ्या डावात मात्र अघटित घडले. एकही धाव होण्यापूर्वी भारताचे चार गडी बाद झाले. अशा वेळी हजारे मैदानात उतरले आणि त्यांनी 56 धावा केल्या. सामना आपण हरलो, मालिकाही हरलो; पण फळ्यावर शून्य असता जो मनुष्य डोके शांत ठेवून उभा राहतो, तो शनिवारच्या शनिवारी दहा हौशी गड्यांचा भार वाहण्यास शिकला होता, हे विसरता कामा नये. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला होता, आणि तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली. 1960 साली त्यांस पद्मश्री मिळाली. 18 डिसेंबर 2004 रोजी बडोद्यास त्यांचे निधन झाले.

पुढे अर्ध्या शतकाने याच आयर्वेल खोऱ्यात दुसरा एक भारतीय गेला. 1999 साली सिक्कीमचा बायचुंग भुतिया हा बरी गावच्या फुटबॉल क्लबात पगारी खेळाडू म्हणून दाखल झाला. हे गाव रॉटनस्टॉलपासून थोडे खाली आहे, आणि त्याचा क्लब तेव्हा तिसऱ्या पायरीवर खेळत होता. भारतात तो फार मोठा खेळाडू. तेथे मात्र अनेकांतील एक. दुखापतींमुळे कित्येक सामने त्यास बाहेर बसावे लागले. क्लबावर कर्जाचे संकट आले, आणि 2002 साली तो परतला. खुद्द तो क्लबच 2019 साली पैशांच्या अव्यवस्थेमुळे लीगमधून काढून टाकण्यात आला. सव्वाशे वर्षांची परंपरा असलेल्या संस्थेची ही गत, तर एकट्या खेळाडूने भविष्याचा विचार किती जपून केला पाहिजे!

आता या सर्वांतून आपण काय घ्यावे? आपल्या शिरूर कासार तालुक्यातून दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की कित्येक कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात. हंगामापुरते परगावी जाणे, अंगच्या कष्टावर मजुरी मिळविणे, आणि हंगाम संपला की घर गाठणे, हे आपल्या मुलांस नवे नाही. कोणी मुलगा 'माझे आईबाप कोयत्यावर गेले आहेत' हे सांगताना खाली पाहतो. त्याने खाली पाहू नये. प्रेषित पौलाने राहुट्या शिवून आपले पोट भरले, आणि त्यामुळे त्याच्या उपदेशाचे वजन कमी झाले नाही. मजुरी घेण्यात हीनता नाही. हीनता आहे ती मजुरी घेऊन काम चुकविण्यात, आणि काम घेऊन मजुरी बुडविण्यात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत अडकून पडलेल्या कामकऱ्याचे दुःख, करार संपूनही अडवून ठेवलेल्या त्या फुटबॉल खेळाडूंस चांगले समजले असते. त्यांनी संघ काढला, कायदा समजून घेतला, आणि साठ वर्षे झगडून आपली बेडी सैल केली. वाचता येणे, लिहिता येणे, करार समजणे, हिशेब ठेवणे ही हत्यारे शाळाच देते.

मुलांनो, खेळा, अवश्य खेळा. ज्याच्या अंगी खरोखर गुण असेल त्याने खेळावर पोट भरण्याची इच्छा धरली तरी तीत वावगे काही नाही. मात्र वरच्या वीस क्लबांकडे पाहून नव्हे, खालच्या बहात्तरांकडे पाहून निर्णय घ्या. आणि हाती दुसरे एखादे काम असू द्या. पालकहो, मुलगा पटांगणावर रमतो म्हणून तो वाया गेला असे समजू नका. आणि तो रमतो म्हणून त्याची शाळाही सोडवू नका.