राजवैभव बघायचंय? आधी बोरिवलीला उतरा

राजवारसा म्हटला की आपल्या उपनगरांतली सुट्टी थेट जयपूरच्या गाडीत बसते. जयपूर सुंदर आहे, जरूर बघा. पण ते वसलं १७२७ साली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी त्याहून दीड हजारांपेक्षा जास्त वर्षांनी जुनी आहेत आणि तिथल्या कातळावर राजघराण्यांची नावं आजही कोरलेली आहेत. मोठ्या चैत्यगृहातल्या लेखात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी येतो. एका पाण्याच्या टाक्याजवळचा संस्कृत लेख तर फारच मोलाचा: त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी क्षत्रपांच्या घराण्यातली असल्याचं म्हटलंय. म्हणजे एकमेकांशी लढणाऱ्या दोन घराण्यांतली सोयरीक आपल्याला कळते ती या दगडामुळे. पुढे नवव्या शतकातल्या लेखांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचे कोकणातले शिलाहार मांडलिक पुल्लशक्ती व कपर्दी भेटतात.

कुणी म्हणेल, ही तर भिक्षूंची लेणी, इथे महाल कुठे? आक्षेप रास्त आहे. दानं देणाऱ्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारीही होते. पण मला त्यातच जास्त अर्थ दिसतो. महाल राजाने स्वतःविषयी सांगितलेली गोष्ट असते; इथे राजाच्या काळात व्यापारी, मंत्री, भिक्षू कसे जगले तेही कळतं. शिवाय सातवाहनांचे महाल उरलेच नाहीत, लेख उरले.

उद्यान सोमवारी बंद असतं. इतर दिवशी सकाळी लवकर जा आणि कृपया लेखांना हात लावू नका.